सुबीला विचारलं का?

सन १९९७. मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि तोवर माझी समजूत होती की माझी धाकटी बहीण सुभद्रा मला पुरती ठाऊक आहे. पावसाळा सरला होता. दुपारी मी म्हशींना पाणी दाखवत होतो तेव्हा ती सासरहून डोंगर चढून वर आली. कडेवर धाकटी पोर, मोठीचा हात धरलेला, सामान काही नाही. ती बसली नाही. मी तांब्या पुढं केला तर घेतला नाही.

"दादा, मी नांदायला परत जाईन," ती बोलली. "पण मला आता पोर नको. त्याची काय ती सोय लाव."

"आधी पाणी पी."

"आधी हो बोल."

मी हो बोललो. तेव्हा तिनं तांब्या घेतला आणि एका दमात रिकामा केला.

सुभद्रा, आमची सुबी, जाऊन आता बरीच वर्षं झाली. साध्या तापानं गेली, डोक्यानं नाही, हे आधीच लिहून ठेवतो, कारण खालच्या गावात वेगळं सांगतात. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना लोक चार चांगल्या गोष्टी लिहितात आणि बाकीच्यांना माफ करून टाकतात. मी दुसरी शिकलेला माणूस, मला तसलं लिहिणं जमत नाही. तिला ज्यांनी छळलं त्यातले काही अजून पोलादपूरच्या बाजारात पान खात हिंडतात. त्यांची नातवंडं आता वाचायला शिकलीत. ती वाचतील म्हणून लिहितोय.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या खांद्यावर. घरं थोडी, म्हशी जास्त. आई-बाप लवकर गेले, सुबी माझ्याच घरात वाढली. तिच्यात माझ्यात सतरा वर्षांचं अंतर, त्यामुळं मी भाऊ थोडा आणि बाप जास्त. लहानपणापासून तिची एक रीत होती. कोणी काही केलं तर ती भांडायची नाही, रडायची नाही. ठेवून द्यायची, दिवाळीतलं चांगलं लुगडं ठेवावं तसं.

तिसरीत असताना मास्तरांनी तिला भलत्याच पोराच्या खोडीसाठी मारलं आणि वर दम दिला, "मी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही." त्या पावसाळ्यात वहाळ ओलांडायच्या वाटेतला एक दगड हलायला लागला होता. वाडीत सगळ्यांना माहीत, मास्तरांना नाही. मास्तर छत्री उघडून त्या दगडाकडं निघाले तेव्हा सुबी काठावरच उभी. मास्तर छत्रीसकट पाण्यात गेले. मी तिला घरी आणून विचारलं, "गो, सांगायचंस की त्यांना."

"त्यांनी विचारलं कुठं?" ती बोलली आणि भाकरी खायला बसली.

शाळा तिथंच संपली.

तिचं लग्न खालच्या गावात झालं. वर आमची वाडी, खाली ते गाव, पण देवी एक आणि गावकी एक. गावकी म्हणजे गावातले बापये देवळात बसून सगळ्यांचा कारभार ठरवतात ती. कोणाच्या घरी जायचं, कोणाला वाळीत टाकायचं, सगळं. बाया तिथं बसत नाहीत. नवरा दगडू मुंबईत खानावळीत कामाला. गणपतीला आणि शिमग्याला यायचा. तो वाईट नव्हता. तो काहीच नव्हता. मोठा भाऊ बोलेल त्याला मान हलवायची एवढंच त्याला येत होतं. त्या मोठ्या भावाला सगळा गाव तात्या म्हणायचा. पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर तात्याचं चहाचं हॉटेल, दूध आमच्या वाडीचं. गावकीत त्याच्या शब्दाला वजन, आणि शिमग्यात देवीच्या पालखीचा पुढला दांडा त्याच्याच खांद्यावर. तात्याच्या घरात मात्र पोरबाळ नव्हतं. हे लक्षात ठेवा.

पहिल्या मुलीच्या वेळी सुबी बिघडली. झोप उडाली, कोणी नसताना बोलायला लागली, जेवणात काहीतरी घातलंय म्हणून ताट भिरकावायची. लोक बोलले, बाहेरचं आहे. मग बोलले, आणखी एक पोर झालं की बरी होईल. दुसरं झालं, तीही मुलगीच. आठवड्याच्या आत सुबीला लोकांनी सावित्री नदीच्या पात्रातून बाहेर काढली. पोर उराशी धरून कमरेइतक्या पाण्यात उभी होती. मी तिला महाडला नेली. तिथं आठवड्यातून एक वार डोक्याचा डॉक्टर यायचा. त्याच्या गोळ्यांनी ती हळूहळू माणसांत आली.

डोक्यातले आवाज पुरते गेले नाहीत. ती त्यांना गावकी म्हणायची. "माझ्या डोक्यात पण एक गावकी बसते, दादा. सगळे एकदम बोलतात, ठराव माझ्यावरच करतात, आणि मलाच बसायला जागा नाय." रात्रीची गोळी ताकाच्या घोटाबरोबर घ्यायची, मग हात झटकायची आणि सांगायची, "चला, उठा आता. घरी जावा." दिवसा फार गलका झाला तर कामातून मान वर न करता शहरी बाईसारखं बोलायची, "जरा थांबा हो, पाहुणे आलेत." पाहुणा म्हणजे मी. दाराकडं पाठ करून ती कधी बसली नाही. पदराच्या गाठीत गुळाचा खडा असायचा. आमच्या म्हशींना तिनं सासरच्या आळीतल्या बायकांची नावं ठेवली होती आणि धार काढताना त्यांना नाव घेऊन शिव्या घालायची. दूध मात्र भरपूर काढायची. रेड्याचं नाव तात्या.

एकदा पाण्यावर कोणी बाई तिच्या पाठीमागं येडी बोलली. सुबी हंडा भरून वळली आणि शांतपणे सांगितलं, "येडी हाय. विसराळू नाय." त्या बाईनं पुढं पाण्याची वेळच बदलली.

तर सोय लावायची होती. मी तिला घेऊन परत महाडला गेलो. डोक्याच्या डॉक्टरला सांगितलं, हिला आता पोर नकोय. माणूस भला, पण लिहिता लिहिता बोलला, "ते माझ्याकडे नाही. बायकांच्या डॉक्टरांना भेटा." सुबीला तो दोन वर्षं तपासत होता. झोप लागते का विचारायचा, भूक लागते का विचारायचा. नवरा घरी कधी येतो, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

बायकांचा डॉक्टर म्हणजे एक खाजगी दवाखानेवाला. नाव लिहीत नाही, ज्याचं त्याला कळेल. त्यानं सुबीच्या हातातली गोळ्यांची पुडी बघितली आणि तिथून पुढं माझ्याशीच बोलला.

"ही या गोळ्या खाते? मग हिच्या सांगण्याला काय अर्थ आहे? नवऱ्याची सही आणा."

"पोर माझ्या पोटात वाढतं डॉक्टर," सुबी बोलली. "नवऱ्याच्या सहीत नाय."

त्यानं ऐकलंच नाही. "नाहीतर असं करा. तुम्ही भाऊ ना? नवऱ्याला समजवा, पिशवीच काढून टाकू. पाळीची कटकट नको, पोराची नको. उद्या कुठं काही झालं तरी घरच्यांना ताप नको. असल्या बायकांचं तेच बरं असतं."

कुठं काही झालं तरी, म्हणजे तिच्यावर कोणी हात टाकला तरी, हे मला पायऱ्या उतरल्यावर कळलं. मी परत वर निघालो होतो. सुबीनं माझा सदरा मागून धरला आणि सोडला नाही.

चवदार तळ्याच्या काठावर बसून आम्ही वडापाव खाल्ला. ती पाण्याकडं बघत होती. मग बोलली, "तात्याला भरायची हाय, ह्या डॉक्टरला काढायची हाय. पिशवी माझी." थोड्या वेळानं परत, "दादा, हे पाणी प्यायला पण लोकांना कोणी विचारून दिलं नव्हतं ना?"

"नाय. ते आले आणि प्यायले."

"मग आपण पण जाऊ कुठंतरी."

परतताना पोलादपूरला उतरलो आणि सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरकडं गेलो. तिनं मला पडद्याबाहेर बसवलं. आतून तिचा आवाज आला, "सुभद्राबाई, तुम्हाला काय पाहिजे?"

सुबी मला मागाहून सांगायची, "मी पाठी वळून बघितलं. मला वाटलं कोण दुसरी सुभद्रा उभी हाय."

मग ती बोलायला लागली आणि बराच वेळ बोलली. सिस्टरनं तिला तांबी बसवून दिली. पिशवीत बसते, पोर राहत नाही, आणि मन बदललं तर काढता येते. गोळ्या सोडायच्या नाहीत, दोन्हीचं एकमेकांशी भांडण नाही, असं तिनं मलाही बाहेर येऊन बजावलं. पुढं कधी पोर हवंसं वाटलं तर आधी यायचं, म्हणजे डोक्याच्या डॉक्टरला विचारून गोळ्या बघता येतील. नवऱ्याच्या सहीचा विषय तिनं काढलाच नाही. डोंगर चढताना सुबी माझ्या पुढं चालत होती. "पोटात राखणदार बसवला," ती बोलली, आणि पदरातला गूळ सोडून मला अर्धा दिला.

ती बोलल्याप्रमाणं नांदायला गेली. शिमगा झाला. दगडू येऊन गेला. पोटात काही राहिलं नाही. तात्याच्या तोंडाची चव गेली. पुढल्या गणपतीच्या आधी त्यानं देवळात कौल लावला. आमच्याकडं गुरव देवीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गावात सांगण्यात आलं की उजवी पडली, सुबीला मुलगा होणार आणि मुलगा झाला की ती बरी होणार, गोळ्या मात्र देवीला चालत नाहीत. त्याच दिवशी गोळ्या वहाळात गेल्या.

गोळ्या गेल्या आणि तिच्या डोक्यात गावकी भरली. मग ती आळीभर सांगत सुटली, माझ्या पोटात राखणदार आहे, मला कोण काही करू शकत नाय. तात्याला तेवढंच पाहिजे होतं. जीप करून तिला त्याच महाडच्या दवाखान्यात नेली. माझ्याकडं सही मागणारा तोच डॉक्टर. तांबी काढताना त्याला कोणाची सही लागली नाही. तिला तर कोणी विचारलंच नाही. दोघी बायांनी हात धरले होते.

गणपतीला दगडू येऊन गेला आणि तिला दिवस गेले. ओरडते म्हणून गोठ्यात दावणीला बांधली. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा तात्या दारात आडवा उभा. "देवीचा कौल हाय. मध्ये पडलास तर तुझी वाडीच्या वाडी वाळीत पडेल." वाळीत म्हणजे वाडीला खालचा रस्ता बंद, पाणी बंद, मयताला खांदा बंद. मी मागं फिरलो. हे कोणाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, झालं तसं लिहितोय.

मुलगा झाला. तो तात्याच्या बायकोच्या मांडीवर गेला, आणि सुबीला दोन्ही मुलींसकट जीपमधून आणून आमच्या डोंगराच्या पायथ्याशी उतरवली. मुलींचा त्यांना उपयोग नव्हता. मी तिला पाठीवर घेऊन वर आणली. मनगटांवर दाव्याचे वळ होते आणि अंगावर दूध सुटलेलं होतं.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. दिवाळीच्या सुमाराला ती एका सकाळी स्वतःहून उठून गोठ्यात गेली आणि म्हशीला शिवी घातली, तेव्हा मला कळलं की आली परत. धार काढून झाल्यावर तिनं विचारलं, "पोराचं नाव काय ठेवलंय?" आम्हाला माहीत नव्हतं.

मी कोयता घासून ठेवला होता. तिनं तो बघितला, उचलला आणि शिडीवर चढून वर कौलाखाली खोचून ठेवला, माझा हात पोचणार नाही असा. "कोयत्यानं एक मरतो आणि तू जेलात जातोस. मला सगळ्यांना उन्हात उभं करायचंय."

"म्हणजे काय करणार?"

"शिमगा येऊ दे. आणि तात्याचं दूध बंद करू नको. बंद केलंस तर तो सावध होईल. तोवर पिऊ दे चहा."

रोज सकाळी त्या माणसाच्या पातेल्यात दूध ओतायचं आणि गप परत यायचं. मी जन्मात एवढं जड काम केलेलं नाही.

आता आमच्या घराचा मान सांगतो, म्हणजे पुढलं कळेल. शिमग्यात देवीची पालखी गावभर फिरते आणि शेवटी डोंगर चढून आमच्या दारात येते. आमच्या घरच्या लेकीनं देवीच्या पायांवर म्हशीचं दूध घालायचं, मगच पालखी मागं फिरायची. तोवर ती खाली टेकवायची नाही. टेकली किंवा दुधाशिवाय फिरली, तर साऱ्या गावाला वर्षभर खोट. बापजाद्यांपासून असंच आहे.

दोन हजार सालचा शिमगा. भर दुपारी पालखी वर आली. ढोल, गुलाल, सगळा गाव मागं, बायकाही. सुबी हिरवी साडी नेसून दारात उभी, हातात दुधाचा तांब्या. मला सकाळीच सांगितलं होतं, "तू बोलायचं नाय." मी गोठ्याच्या मेढीला टेकून उभा राहिलो.

पालखी समोर आली. ढोल थांबले. सुबी हलली नाही.

"ओत गो," पुढल्या दांड्याखालून तात्या बोलला.

"ओतते. आधी गुरवबाबांना एक विचारायचंय."

"आता कसलं विचारणं?"

"तुम्ही देवीला विचारलंत तेव्हा मी नव्हते. आता हाय." ती गुरवाकडं वळली. "बाबा, देवीच्या पायांवर हात ठेवा आणि सांगा. माझ्या पोराचा कौल लावलात, तेव्हा कुठली पाकळी पडली?"

"येडीचं काय ऐकत बसलाव?" तात्या ओरडला. "घ्या तो तांब्या तिच्या हातातला."

एक तरणा पुढं झाला. मागून एक म्हातारा बोलला, "हात लावू नको रे. हिसकावलेलं दूध देवी घेत नाय."

तरणा मागं सरला. ऊन असं की अंगणातली जमीन पायाला चटके देत होती. खांदेकऱ्यांच्या मानेवरून गुलालाचे ओघळ उतरत होते.

"सुबे, खांदा गळाला गो," मागल्या दांड्याचा एक जण काकुळतीला आला.

"मला दावणीला बांधली तेव्हा माझे पण हात गळाले होते. तुझं घर समोरच हाय ना रे?"

त्यानं दांडा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"गुरवबाबा, काय असेल ते सांगा," दुसरा बोलला. "नायतर पालखी खाली येईल आमच्या हातनं."

गुरव म्हातारा माणूस. चावडीवर तो दिवसभर खोटं बोलू शकला असता. त्यानं देवीच्या पायांवर हात ठेवला. "एक पण नाय पडली," तो बोलला. "बसून बसून समईतलं तेल सरलं. तात्या बोलले, उजवी पडली म्हणून सांग."

दोन म्हातारे पुढं आले, एकानं तात्याच्या खांद्याखालून दांडा काढून घेतला आणि स्वतःच्या खांद्यावर ठेवला. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. तात्या मोकळ्या खांद्यानं उन्हात उभा राहिला. त्या घराकडं पुढला दांडा पुन्हा कधी गेला नाही, आजवर नाही.

सुबी पालखीजवळ गेली. दूध ओतताना ती देवीशी बोलली ते मला ऐकू आलं. "तुझ्यावर राग नाय गो बाय. तुला पण कोण विचारत नाय. तुझ्या नावावर सांगतात नुसतं."

मला तेवढ्यानं भागत नव्हतं. तिनं तांब्या पालथा केला आणि मी तोंड उघडलं, "आता पोर आण, तात्या. आत्ताच्या आत्ता."

"नाय," सुबी बोलली. तात्याची बायको बायकांत उभी होती, पोर तिच्या पदराखाली झोपलेलं. सुबीनं एकदाच तिकडं बघितलं. "पोर काय धोंडा नाय दादा, ह्याच्या डोक्यात घालायला. ती त्याला नीट बघते, मी ऐकलंय. राहू दे तिथं." मग तात्याकडं वळली. "पण त्याला कळायला लागलं की त्याची आई कोण ते त्याला सांगायचं. हिनं नाय, तू सांगायचं. तुझ्या तोंडानं. आणि मी कशी आई झाले ते पण."

ती घरात गेली. पालखी उतरायला लागली. तात्या सगळ्यांच्या मागं चालत होता. संध्याकाळी गोळी घेऊन तिनं हात झटकला आणि बोलली, "उद्या सिस्टरकडं जायचं, राखणदार परत बसवायला. दगडू आलाय गावात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाचा कॅन डोक्यावर घेतला आणि सुबीला घेऊन डोंगर उतरलो. तात्याच्या हॉटेलात चहाचं पाणी उकळत होतं, गिऱ्हाइकं बाकांवर बसलेली, तो दारात पातेलं घेऊन उभा. मी त्याच्यासमोर कॅन खाली ठेवला. डोक्यावरची चुंबळ नीट केली. कॅन परत उचलला आणि रस्ता ओलांडून समोर दवाखान्यात गेलो.

"हे तुमच्या बाळंतिणींना," मी सिस्टरला बोललो. "आणि ही माझी बहीण. हिला काय पाहिजे ते हिलाच विचारा."

सिस्टरनं विचारलं. या खेपेला सुबीनं पाठी वळून बघितलं नाही. पडदा सारून आत गेली, आत जाता जाताच बोलायला लागली.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो, तात्याला हॉटेलातून दिसेन असा.